जागा दिसली की दात

दात नाही? मग करून देतो. माझ्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात आटोपतं, आणि डेंटल मेकॅनिक म्हणून मी आयुष्यभर त्यावरच पोट भरलं. डॉक्टर तोंडात काम करतात, आम्ही प्लास्टरवर. पेशंटचा चेहरा आम्हाला क्वचितच दिसतो. दिसतं ते त्याच्या जबड्याचं माप. त्या मापात एखादी जागा मोकळी दिसली की हात आपोआप मेणाकडे जातो. ती जागा सत्तरीच्या आजोबांची आहे की अकरा वर्षांच्या मुलीची, याने मेणाला फरक पडत नाही. मलाही बरीच वर्षं पडला नाही.

आता पडतो. इतका पडतो की लहान मुलाचं काम आलं की माझा पहिला विचार ‘हे करायलाच हवं का’ असा असतो. दात विकून जगलेल्या माणसाने असं म्हणावं हे घरच्यांनाही चमत्कारिक वाटतं, म्हणून मत का बदललं ते एकदा नीट लिहून काढतो आहे.

किडून काढावे लागलेले किंवा खेळताना पडून गेलेले दात, हा विषय वेगळा. मी बोलतोय ते जे कायमचे दात मुळात आलेच नाहीत त्यांच्याबद्दल. दुधाचा दात पडतो, उंदीरमामाला देऊन होतो, आणि मग घरचे वाट बघत बसतात. शेजारचे आले, वर्गातल्या सगळ्यांचे आले, हा मात्र येत नाही. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा दिसत नाही, तर वाट बघणं थांबवून ओपीजी काढावा, म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. पुष्कळदा दात आत असतो, नुसता अडकलेला. काही वेळा आत काहीच नसतं. हाडात दाताचा अंकुरच धरलेला नसतो.

हे फार दुर्मिळ आहे असा माझा समज होता. युरोपातल्या पाहण्या सांगतात की अक्कलदाढा सोडल्या तरी शंभरातल्या पाच-सहा जणांचा एखादा कायमचा दात जन्मतः नसतो, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा थोडं जास्त असतं. सगळ्यांत जास्त चुकारपणा करतात ते खालच्या जबड्यातल्या दुसऱ्या उपदाढा आणि वरच्या पटाशीच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन. आईने गरोदरपणात काय खाल्लं, मुलाने अंगठा चोखला का, असल्या चौकशांना यात काही अर्थ नाही. कारण बहुतेक वेळा घराण्यात असतं. एमएसएक्स १, पॅक्स ९ अशा नावांची जनुकं आता सापडली आहेत. त्यांच्यात बिघाड असला की अंकुर धरत नाही. एकाच घरात नातीला दात नसतो आणि आजीचा तोच दात असतो, पण खुंटीएवढा.

जुन्या पनवेलमधली माझी लॅब म्हणजे एक लांबोडी खोली. ट्रिमर, पॉलिशची मोटर, फ्लास्कचे प्रेस, नंतर पोर्सिलेनची भट्टी. मुंबईत दोन वर्षांचा कोर्स करून आलो तेव्हा उरण, पेण, कर्जत, खोपोलीच्या डॉक्टरांची कामं एसटीने यायची. ओळखीचा कंडक्टर डबा डेपोत उतरवून द्यायचा. अल्जिनेटचं माप तसंच पाठवलं तर वाटेत सुकून आक्रसतं, म्हणून शहाणे डॉक्टर प्लास्टर ओतून मगच पाठवायचे. उरलेल्यांच्या पेशंटांना कवळी टोचायची आणि बोल मला बसायचे. असो.

त्या काळात मुलाच्या मोकळ्या जागेवर उपाय एकच, गुलाबी ॲक्रिलिकची पट्टी आणि तिच्यावर एक दात. टाळूला चिकटून बसणारी, तारेच्या आकड्यांनी धरलेली, काढता-घालता येणारी. मी ती करायचो, पण नाक मुरडून. अप्रेंटिस पोराला द्यायचं काम ते. आपलं खरं कसब पोर्सिलेनमध्ये, असा माझा ताठा होता.

मग इम्प्लांट आले. ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेना, हाड त्याला धरून बसलं होतं. त्यावरून सुरू झालेलं काम १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात गेलं. तो पहिला पेशंट गोस्टा लार्सन जबड्यात जन्मतःच दोष घेऊन आलेला होता, आणि २००६ मध्ये तो वारला तेव्हाही त्याचे इम्प्लांट काम देत होते. आमच्या भागात ‘स्क्रूचे दात’ रुळायला पुढे बराच काळ गेला, पण एकदा रुळल्यावर मी त्यांचा भक्तच झालो. शेजारचे निरोगी दात घासायला नकोत, पट्टी नको, टाळू मोकळी. हाडात स्क्रू, त्यावर माझा दात. मुलाच्या मोकळ्या जागेला यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार? डॉक्टरांशी गप्पा निघाल्या की मी म्हणायचो, पट्टीच्या भानगडीत कशाला पडता, एकदाच काय ते स्क्रू टाकून मोकळे व्हा.

माझं मत फिरवलं ते दोन प्लास्टर मॉडेलांनी.

पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीचं काम होतं. वरचा, पटाशीच्या बाजूचा एक दात जन्मतः नव्हता. ‘मुलगी उंच झालीय, आता काय वाढायची राहिलीय’ या हिशेबाने इम्प्लांट झाला होता. त्यावरचा दात मी केला. ए वन शेड, कडेला किंचित पारदर्शक. शेजारच्या दातावर एक बारीक पांढरा ठिपका होता, तोही मी भट्टीत उतरवला होता. तेव्हा मला या कामाचा इतका अभिमान वाटला की मॉडेल टाकून न देता फळीवर ठेवलं. काही वर्षांनी त्याच मुलीचं माप पुन्हा आलं, वेगळ्या डॉक्टरांकडून, चिठ्ठीसकट: ‘दात आखूड दिसतो, बदलून द्या.’ लग्न ठरत होतं.

मी जुनं मॉडेल काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. माझा दात कुठेच झिजला नव्हता. व्हर्नियर लावला, लांबी तीच, केसाचाही फरक नाही. पण जुन्या मॉडेलमध्ये तो शेजारच्या मधल्या दाताच्या कडेपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर वर होता, जितका असायला हवा तितका. नव्यात तो दोन मिलिमीटर वर होता. हिरडीची रेषाही तशीच, तिच्या इतर दातांवर खाली आलेली आणि माझ्या दातावर वरच राहिलेली. दात आखूड झाला नव्हता. बाकीचं सगळं तोंड खाली आलं होतं आणि तो एकटा मागे राहिला होता.

पनवेलच्या जुन्या आळ्यांत हे रोज बघतो आपण. डांबरावर डांबर, मग काँक्रीट, असा रस्ता वर वर येत गेला आणि जुन्या घरांचे उंबरे खाली राहिले. उंबरा काही खचलेला नाही.

खरा दात हाडात रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ पडदा असतो, त्या पडद्यात तो टांगलेला असतो. जबडा वाढतो तसा दात आपल्याभोवतीचं हाड बरोबर घेऊन सरकत राहतो. इम्प्लांटला तो पडदा नाही. हाड थेट टायटॅनियमला धरतं; यातच त्याची सगळी ताकद, आणि वाढत्या मुलाच्या बाबतीत यातच सगळी अडचण. तो जिथे बसवला तिथेच राहतो. आणि चेहऱ्याची उभी वाढ उंची थांबली म्हणून लगेच थांबत नाही. मुलींमध्ये ती साधारण सतरा-अठरापर्यंत चालते, मुलग्यांत वीस-एकवीसपर्यंत, कधी त्याहून पुढे. म्हणून जाणते डॉक्टर वाढदिवस बघत नाहीत. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे ‘सेफ’, काढतात, वर्षाने पुन्हा काढतात, दोन्ही एकावर एक ठेवतात, आणि फरक दिसला नाही तरच पुढे जातात. पूर्ण वाढलेल्या माणसातही शेजारचे दात पुढे वर्षानुवर्षं कणाकणाने सरकतच असतात, हे तर मला फार उशिरा कळलं.

त्या मुलीला मी लांब दात करून दिला. हसताना चालून गेलं. हिरडीच्या उंचीला मात्र माझ्या भट्टीत औषध नव्हतं.

तर मग अठरा-वीसपर्यंत त्या पोराने काय करायचं? इथे मला माझी ती नाक मुरडलेली पट्टी पुन्हा आठवली, पण तिच्याकडे नीट बघायला शिकवलं एका वेगळ्याच मुलाने.

कर्जतकडच्या एका वाडीतला मुलगा, चार-पाच वर्षांचा. खालचा जबडा पार मोकळा, वर दोनच दात, तेही सुळकेदार. डोक्यावर केस विरळ, घाम येत नाही. उन्हाळ्यात आई त्याच्या अंगावर ओलं फडकं टाकून ठेवायची. लहान मुलांच्या दातांच्या ज्या डॉक्टरबाईंनी काम पाठवलं त्यांनी मला चिठ्ठी न पाठवता बोलावूनच घेतलं. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. दात, केस आणि घाम या तिन्हींवर एकदम येणाऱ्या त्याच्या या जन्मजात आजाराची अगदी जुनी नोंद आपल्याच बाजूची आहे. डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींतल्या फरकांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधलं एक हिंदू कुटुंब येतं. चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे, की दोन्ही जबड्यांत मिळून चार बारीक, दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा. अंगावर केस नाममात्र, लवकर टक्कल, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना काहीच नाही, पण त्या मुलींच्या पोटी येणाऱ्या मुलग्यांत पुन्हा तेच. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

बाजारात मिळणाऱ्या ॲक्रिलिक दातांचे संच मोठ्या माणसांच्या मापाचे. पाच वर्षांच्या जबड्यात ते बसवले तर पोर सगळं दातच दिसेल. मी सगळ्यांत लहान साचा घेऊन एकेक दात घासून दुधाच्या दाताएवढा केला. रंगही पांढरा धरला, कारण दुधाचे दात खरोखर दुधासारखे असतात, कायमच्या दातांत पिवळेपणाची झाक असते. अख्खी कवळी माझ्या तळहातावर मावत होती आणि वर जागा उरत होती. ती घालून तो पुढच्या वेळी आला तेव्हा मी मुद्दाम तिथे गेलो. जीभ कुठे टेकवायची ते त्याला सापडलं होतं. ‘त’ आणि ‘द’ येऊ लागले होते, मोठ्या भावाला नीट ‘दादा’ म्हणत होता. भाकरीचा पापुद्रा चावून खातो, आई म्हणाली.

त्याची कवळी वाढीप्रमाणे पुन्हा पुन्हा करावी लागली. दर वेळी जुनी घट्ट व्हायची. नव्या मापात जबडा रुंदावलेला दिसायचा. एकदा मधोमध फिरवायचा स्क्रूही घातला, म्हणजे जबडा रुंद होईल तसा पट्टीचा सांधा थोडा थोडा उघडत नेता येतो. जी गोष्ट मी आयुष्यभर कमीपणाची मानली, टिकाऊ नसणं, तोच इथे तिचा गुण होता. वाढत्या मुलाच्या तोंडात जी वस्तू बदलता येते, तीच त्याच्या कामाची. अशा मुलांच्या खालच्या जबड्यात अगदी पुढे, हनुवटीच्या वर, लहानपणी इम्प्लांट टाकल्याची उदाहरणं परदेशात आहेत, कारण तिथली वाढ लवकर आटोपते आणि शेजारी मागे टाकायला दातच नसतात. तो अपवाद मला पटतो. पण त्या अपवादाच्या जोरावर एका दातासाठी चौदा वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसवणारे मी पाहिले आहेत.

पट्टीला मुलं कंटाळतात हे मात्र खरं. डब्याच्या सुट्टीत रुमालात गुंडाळून ठेवतात आणि रुमाल झटकतात. मग आई सकाळी सकाळी लॅबच्या दारात. शिवाय ती रोज काढून घासली नाही तर खाली टाळू लाल होते. बारा-तेराच्या पुढच्या मुलांसाठी आता मी एका पंखाचा ब्रिज सुचवतो. मोकळ्या जागेतला दात, आणि त्याला मागच्या बाजूने एक पातळ पंख, जो शेजारच्या एकाच दाताच्या पाठीवर चिकटवायचा. घासणं जवळपास नाही. आम्ही पूर्वी दोन पंख करायचो, दोन्ही बाजूंना एकेक. मेरीलंड ब्रिज म्हणून ते गाजलं होतं. एकच पंख म्हटल्यावर मी हसलोच होतो, एकाच टोकाला धरून दात कसा पेलणार? पण गणित उलटं निघालं. दोन दात चावताना दोन वेगळ्या दिशांनी हलतात आणि मधल्या चिकटावणीला ओढतात. एक पंख सुटतो, दुसरा धरून ठेवतो, कुणाला कळत नाही आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडतो. एकच पंख असला तर ओढाताण नाही, आणि सुटला तर सरळ हातात येतो. जर्मनीत कील इथे मथियास केर्न यांनी झिर्कोनियाच्या एकपंखी ब्रिजांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त टिकलेले. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा दात हाडाला नाही, शेजारच्या जिवंत दाताला टांगलेला आहे. तो सरकला की हाही त्याच्याबरोबर सरकतो.

इथपर्यंत माझं मत बदललं होतं ते फक्त ‘कधी’ आणि ‘कशाने’ भरायचं याबद्दल. जागा भरायचीच, यावर मी ठाम होतो. ते हललं घरात.

माझ्या नातीचा ओपीजी आला तेव्हा ती नऊची होती. वरचे, पटाशीच्या बाजूचे दोन्ही दात नाहीत. मी फिल्म उजेडात धरली आणि पहिल्यांदा वळून बायकोकडे बघितलं. तिचा डाव्या बाजूचा तोच दात खुंटीसारखा आहे. लग्न झाल्यापासून मी तो बघतोय, कॅप करून देऊ का म्हणून अनेकदा विचारून झालंय, आणि तिने दर वेळी उडवून लावलंय. जावई म्हणाले, “बाबा आहेत ना घरात, काळजी कसली. अठरा झाली की दोन स्क्रू टाकू, दात बाबा करतील.” लेक म्हणाली, “तोपर्यंत फोटोत तोंड मिटून बसायचं का तिने?” मला दोघांचंही पटलं. पट्टी, मग एकपंखी ब्रिज, मग वाढ संपल्यावर इम्प्लांट, असा नऊ-दहा वर्षांचा आराखडा माझ्या डोक्यात तयारही झाला.

तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी ओपीजीवर सुळ्यांकडे बोट दाखवलं. हाडातल्या हाडात दोन्ही सुळे मधल्या दातांच्या दिशेने कललेले होते. बाजूचा दात नसला की सुळा पुष्कळदा आपण होऊन त्या जागेकडे येतो. “याला पुढे येऊ दे,” ते म्हणाले, “सुळ्याला बाजूचा दात करू, त्याच्यामागची उपदाढ सुळ्याच्या जागी आणू, सगळी रांग पुढे घेऊन जागाच बंद करू.”

मी वाद घातला, चांगला घातला. सुळा तो सुळा. रंगाने दोन शेड पिवळा, मानेला जाड, टोकदार. मधले दोन ए वनचे आणि शेजारी ए थ्रीचा ठोकळा, हे रंगकाम करणाऱ्या माणसाला बघवेल का? आणि मनात नुसतं रंगाचंच नव्हतं हेही सांगतो. नातीचे दात मी करणार, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम, हे मी ठरवून टाकलं होतं. तिच्या तोंडात माझ्या हातचं काही असणार नाही, हे मला लागलं.

डॉक्टर नुसतं म्हणाले, हिशेब करा. तो मी घरी येऊन केला, आणि तो करायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, कारण माझ्या लॅबचं निम्मं काम माझंच जुनं काम बदलण्याचं आहे. पोर्सिलेनचा दात दहा-पंधरा वर्षं टिकला तर आम्ही पाठ थोपटून घेतो. म्हणजे विशीत बसवलेला दात पस्तिशीत बदलायचा, पन्नाशीत पुन्हा, पासष्टीत पुन्हा. मध्ये हिरडी उतरणार, स्क्रूभोवती सूज आली तर ती वेगळी. तेही दोन्ही बाजूंना. आणि त्याआधी तारा लावून जागा उघडून ठेवायची, वाढ संपेपर्यंत ती मिटू द्यायची नाही. तेवढ्या वर्षांत दाताविना राहिलेलं हाड बारीक होत जातं, म्हणजे मग हाड भरायचं ऑपरेशन. दुसऱ्या बाजूला, तारा उतरल्या की चौदा-पंधराव्या वर्षी विषय संपला. सगळे दात तिचे स्वतःचे, स्वतःच्या पडद्यात टांगलेले, तिच्याबरोबर वाढणारे आणि तिच्याबरोबरच म्हातारे होणारे.

यावर जगात मोठे मोठे दोन बाजूंनी भांडले आहेत हे नंतर कळलं. ऑस्लोचे झाक्रिसन जागा बंद करण्याच्या बाजूचे. सिएटलचे कोकिच जागा उघडून दात बसवण्याच्या कामात उस्ताद. स्वीडनमध्ये रॉबर्टसन आणि मोहलिन यांनी २००० साली दोन्ही प्रकारे उपचार झालेली माणसं काही वर्षांनी तपासली. ज्यांची जागा बंद केली ती आपल्या दातांबद्दल जास्त समाधानी होती आणि त्यांच्या हिरड्याही जास्त निरोगी होत्या. जागा भरलेल्यांत तेव्हा बहुतेक ब्रिजवाले होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण चावण्याच्या सांध्यात दोन्हींकडे काही फरक सापडला नाही, आणि सुळा जागेवर नसेल तर चावा बिघडतो ही माझी सगळ्यांत लाडकी हरकत होती.

नातीच्या तारा उतरल्या. सुळ्यांची टोकं घासून, वर काँपोझिट लावून त्यांना बाजूच्या दातांचा आकार दिला. बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं. संध्याकाळच्या उजेडात ते दोन दात अजून थोडे पिवळे दिसतात, आणि ब्लीच करू या असं मी म्हणालो की ती आजीसारखीच उडवून लावते.

हे सगळ्यांना लागू नाही, आणि मी एका टोकावरून उडी मारून दुसऱ्या टोकाला गेलोय असं कुणी समजू नये. एकाच बाजूचा दात नसेल तर जागा बंद करताना दातांची मधली रेषा नाकाखालून सरकू शकते. वरचा जबडा आधीच मागे असेल तर रांग आणखी मागे ओढली जाऊन ओठ बसल्यासारखे दिसतात. सुळा फारच जाड आणि गडद असेल तर काँपोझिटला मर्यादा आहेत. अशा मुलांसाठी जागा राखून ठेवणं आणि वाढ संपेपर्यंत एकपंखी दात लावणं हेच बरं. माझं बदललं ते एवढंच, की जागा बंद होते का हे आधी विचारायचं आणि भरायचं कशाने हे नंतर.

खालच्या उपदाढेची गोष्ट त्याहून सोपी, आणि तिच्यातच सगळ्यांत जास्त घाई होते. खाली कायमची उपदाढ नाही असं दिसलं की दुधाची दाढ ‘आज ना उद्या पडणारच’ म्हणून काढून टाकतात. अरे, पण तिला ढकलायला खाली कुणी नाहीच! मुळं शाबूत असतील तर ती विशीपर्यंत सहज राहते, आणि विशीपर्यंत राहिली तर पुढे बरीच वर्षं चालते. उपदाढेपेक्षा ती रुंद असते, बाजूंनी थोडी घासून मापात आणता येते. हाडाला चिकटून खाली बसू लागली, तर मात्र तीही माझ्या त्या आखूड दातासारखीच मागे राहते, आणि मग विचार करावा लागतो. बाकी हात लावू नये.

स्वतःचीच एक उपदाढ काढून मोकळ्या जागेत लावणं हा आणखी एक मार्ग. ही मला थाप वाटायची. पण नॉर्वेत १९६० च्या दशकापासून हे करतात आणि तसे दात तीन-चार दशकं टिकल्याच्या नोंदी आहेत. मूळ दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश तयार झालेलं असताना दात हलवला तर तो नव्या जागी जिवंत राहतो, मूळ पुरं करतो आणि जबड्याबरोबर वाढतो. दातांच्या गर्दीमुळे एखादी उपदाढ नाहीतरी काढायचीच असेल तर ती फेकण्याआधी हे विचारायला काय हरकत आहे? आपल्याकडे या कामाला बसलेले हात कमी आहेत, ही अडचण खरी. जपानमध्ये २०२४ साली क्योटोला दात उगवण्याच्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. त्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर निदान आठवड्याला एकदा येते, ‘काका, आता तुमचा धंदा बसला’ असं लिहून. ती पहिली चाचणी मोठ्या माणसांवर, औषध सुरक्षित आहे का एवढंच बघणारी. आज नऊ वर्षांच्या असलेल्या पोराचा आराखडा त्यावर बांधू नये.

पनवेलच्या आईबापांना एक सोय आहे जी आमच्या वेळी नव्हती. कामोठ्याचं एमजीएम, खारघरचं वायएमटी, बेलापूरचं भारती विद्यापीठ, नेरुळचं तेरणा, एवढी दंत महाविद्यालयं लोकलच्या चार-सहा स्टेशनांत आहेत, आणि लहान मुलांचे, तारांचे व कृत्रिम दातांचे डॉक्टर तिथे एकाच इमारतीत बसतात. तिघांनी मिळून एकच ओपीजी बघणं या दुखण्यात फार मोलाचं आहे. एकटा डॉक्टर आपल्याला जे येतं तेच सुचवतो. एकटा मेकॅनिकही.

माझी लॅब अजून चालू आहे, मुलगा बघतो, मी दुपारी जाऊन बसतो. लहान मुलांच्या पट्ट्या आता मी स्वतः करतो, अप्रेंटिसला देत नाही. इम्प्लांटवरचा दात करायला आला की चिठ्ठीवर आधी वय बघतो. विशीच्या आतलं असेल तर डॉक्टरांना फोन लावून विचारतो, वर्षाच्या अंतराने काढलेले दोन सेफ आहेत का? बहुतेक जण ‘आहेत’ म्हणतात आणि पाठवतात. काही जण चिडतात. दात करायचं काम तुमचं, निदान आमचं, असं ऐकवतात. त्यात चूक काही नाही. त्यांच्यातल्या एक-दोघांचं काम आता दुसऱ्या लॅबला जातं, आणि मुलगा त्यावरून माझ्याशी अधूनमधून भांडतो.